‘तुरांदोत’चा शेवट कोणाचा?

प्रश्न : काका, गंगापूर रोडच्या आमच्या श्रवणगटात इटालियन संगीतकार पुच्चिनीचा शेवटचा ऑपेरा ‘तुरांदोत’ ऐकला. शेवट म्हणे दुसऱ्यानेच लिहिलाय. खरं का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : खरंय, ताई. घशाच्या कर्करोगावर उपचार घ्यायला पुच्चिनी ब्रसेल्सला गेला, तोही शेवटच्या प्रवेशाची टिपणं बरोबर घेऊन. २९ नोव्हेंबर १९२४ला तिथेच वारला. त्या टिपणांवरून फ्रांको अल्फानो या संगीतकाराने काम पुरं केलं.

पण नुसत्या आजाराला दोष देऊ नका. गाडी आधीच अडली होती. तीन कोडी घालून हरणाऱ्याचं मुंडकं उडवणारी राजकन्या तुरांदोत नाटककार गोत्सीच्या १७६२च्या नाटकातली. लिऊ ही दासी मात्र पुच्चिनीची भर. कोडी सोडवणाऱ्या अनोळखी राजपुत्राचं नाव फुटू नये म्हणून ती छळ सोसते, शेवटी जीव देते. तिच्या अखेरच्या गाण्याचे शब्दसुद्धा पुच्चिनीनेच रचले. आता तिचं प्रेत उचललं की लगेच राजकन्येने प्रेमात विरघळायचं! हे पटवणार कसं? राजकन्या आणि राजपुत्राच्या त्या शेवटच्या युगुलगीताने पुच्चिनीला अखेरपर्यंत छळलं.

२५ एप्रिल १९२६ला मिलानच्या ला स्काला या ऑपेरागृहात पहिला प्रयोग झाला. लिऊच्या मृत्यूनंतर वाद्यवृंद-संचालक तोस्कानिनीने वाद्यवृंद थांबवला आणि संगीतकाराचं काम इथवरच, असं प्रेक्षकांना सांगून पडदा पाडायला लावला. अल्फानोचा शेवट पुढच्या प्रयोगापासून.

मला विचाराल तर तो शेवट म्हणजे मैफल एकाची आणि भैरवी दुसऱ्याची. संगीतकार बेरिओने २००१मध्ये वेगळा शेवट लिहिलाय, तोही मिळवून ऐका. राजपुत्राचं प्रसिद्ध गाणं ‘नेस्सुन दोर्मा’ मात्र अस्सल पुच्चिनीचंच, तिसऱ्या अंकाच्या सुरुवातीचं.