ब्रेन ट्यूमरच्या रुग्णांसाठी निधी: ऑपरेशननंतरचे आठ महिने धरून चाला

८ जूनला, जागतिक ब्रेन ट्यूमर दिनी, तुमच्या मंडळाला निधी जमवायचाय आणि निम्मा रुग्णांना, निम्मा संशोधनाला द्यावा का, असं तुम्ही विचारलंय. पहिल्या वर्षी असे वाटे करू नका. संशोधनाला पैसा लागतोच, पण वर्षानुवर्षं खात्रीने येणारा. तुमची रक्कम रुग्णांना द्या, आणि तीही ऑपरेशननंतरच्या काळासाठी.

ऑपरेशनच्या वेळी सगळं गाव धावून येतं. पुष्कळदा महात्मा फुले योजनेचाही आधार मिळतो. ओढाताण सुरू होते ती नंतर. ग्लायोब्लास्टोमा या मेंदूतल्या वेगाने वाढणाऱ्या कर्करोगाच्या गाठीचंच बघा. रेडिएशन साधारण ३० वेळा, सोमवार ते शुक्रवार, म्हणजे सहा आठवडे. त्या काळात टेमोझोलोमाइड या केमोच्या औषधाच्या कॅप्सूल रोज, शनिवार-रविवारीसुद्धा. मग चार आठवडे खंड आणि पुढे २८ दिवसांतले ५ दिवस कॅप्सूल, अशा सहा फेऱ्या. झाले आठ महिने. लातूरहून परळच्या टाटाला आलेल्या कुटुंबात सोबत राहणाऱ्याचा रोजगारही बुडतो. खोलीचं भाडं, जेवण, गाडीभाडं, फिटच्या गोळ्या, मधला एमआरआय हे सगळं खिशातून. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा मोठा आधार आहे, पण ती सगळ्यांना कुठून पुरणार?

कोणाचं काय अडलंय हे रुग्णालयाच्या मेडिकल सोशल वर्करला विचारा. पैसे रुग्णाच्या फाइल नंबरवर रुग्णालयात भरा, बाहेरची औषधं असतील तर दुकानाचं बिल थेट चुकवा. सहा फेऱ्यांच्या कॅप्सूल मात्र एकदम घेऊन देऊ नका. प्रत्येक फेरीआधी रक्त तपासतात. प्लेटलेट कमी निघाल्या तर फेरी पुढे जाते, डोस बदलतो, आणि महागडी पाकिटं पडून राहतात.

मंडळ नोंदणीकृत नसेल तर वर्गणीआधी धर्मादाय आयुक्त कार्यालयाकडून कलम ४१क ची परवानगी काढा. खजिनदाराचा स्वतःचा क्यूआर कोड फिरवू नका, हिशेब तिथेच गुंततो. त्यापेक्षा एखादी नोंदणीकृत संस्था निवडून लोकांना तिच्याच खात्यात पैसे भरू द्या. देणगीवर आयकरातली सवलत (८०जी) हवी असणाऱ्यांचा पॅन आणि पत्ता तेव्हाच लिहून घ्या. २००० रुपयांवरच्या रोख देणगीला ती सवलत नाही. परदेशातला भाचा भारतीय पासपोर्टवर असेल तर त्याचे पैसे परदेशी देणगी ठरत नाहीत. नागरिकत्व बदललं असेल तर त्याने परदेशी देणगी घेण्यासाठीची एफसीआरए नोंदणी असलेल्या संस्थेलाच द्यावेत.

रुग्णाचा फोटो लावायचाच असेल तर त्याला आणि घरच्यांना, दोघांनाही विचारा. गाठीमुळे कधी कधी त्याची समज मंदावलेली असते.

आता जागृती. ‘डोकं दुखतंय? ट्यूमर असेल!’ असला फलक नको, बहुतेक डोकेदुखी साधी असते. मोठ्या वयात पहिल्यांदाच आलेली फिट, एका बाजूच्या हातापायात वाढत जाणारा अशक्तपणा, बोलताना शब्द न सापडणं, पहाटे डोकं दुखून उलटी होणं, हे लिहा. लहान मुलांसाठीचा फलक अंगणवाडीत आणि शाळेत वेगळा लावा: जुलाब नाहीत, ताप नाही, तरी रोज सकाळी उलटी, चालताना तोल जाणं, मान एका बाजूला कलणं, नव्याने आलेला तिरळेपणा. अशा उलट्यांवर पित्ताची नाहीतर जंतांची औषधं देण्यात आठवडे जातात आणि तोवर गाठीमुळे अडलेलं डोक्यातलं पाणी वाढत राहतं.

त्याच फलकावर फिटबद्दलही लिहा. कांदा, चप्पल हुंगवू नका, तोंडात चमचा घालू नका. कुशीवर वळवा, घड्याळ बघा, पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८ ला फोन करा.