चेस्टरला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी जुलै आला की माझं काय होतं?

पत्र:
मावशी, हसू नका प्लीज. मी ३६ वर्षांची आहे, मूळची नाशिकची, आता पुण्यात आयटीत, नवरा आणि एक मुलगी. लिंकिन पार्क या अमेरिकन रॉक बँडचा गायक चेस्टर बेनिंग्टन २० जुलै २०१७ ला गेला, त्याने स्वतःचं आयुष्य संपवलं. तेव्हापासून दर जुलैत माझं काहीतरी बिनसतं, झोप उडते, उगाच चिडचिड होते आणि त्या तारखेला तर मी ऑफिसच्या वॉशरूममध्ये जाऊन रडून येते. यंदा नवरा म्हणाला, "तो तुझा कोण लागत होता? त्याला तुझं नाव तरी माहीत होतं का?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. दहावीत असताना बाबांच्या दारूवरून घरात रोज रात्री तमाशा व्हायचा, तेव्हा मी हेडफोन लावून फुल्ल आवाजात त्याची गाणी ऐकत बसायचे, हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. अजून एक. मे २०१७ मध्ये त्यांचा वन मोअर लाइट अल्बम आला, तो मला अजिबात आवडला नव्हता, आणि मी एका फॅन पेजवर लिहिलं होतं की हे लोक पैशासाठी विकले गेलेत, चेस्टर संपला आता. दोन महिन्यांत तो गेला. कमेंट डिलीट केली पण डोक्यातून जात नाही. आता बँड नवीन गायिकेला घेऊन टूर करतोय, फॅन ग्रुपवर तिला रोज शिव्या पडतात, मीही लाइक करते. पण ऑफिसचा ग्रुप शोला चाललाय आणि माझंही तिकीट काढून ठेवलंय. गेले तर गद्दारी केल्यासारखं वाटेल. कधी कधी वाटतं चेस्टर सुटला बिचारा. काय करू?
पुण्याची एक फॅन

उत्तर:
अगं, हसेन कशाला? पण तिकिटाचं नंतर बोलू. तू शेवटी जाता जाता जे एक वाक्य लिहिलंयस ना, चेस्टर सुटला बिचारा, त्याच्यावर मी अडकले. म्हणून सरळच विचारते, तुझ्या मनात स्वतःचं काही बरंवाईट करून घ्यायचे विचार येतात का? जुलैत किंवा एरवी कधीही? असं विचारल्याने कुणाच्या डोक्यात नसलेला विचार घुसत नाही, उलट कुणीतरी विचारलं म्हणून माणूस बोलतो, म्हणून विचारतेय. उत्तर हो असेल, किंवा हो आणि नाहीच्या मधलं काही असेल, तर आजच टेलीमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला फोन कर, १४४१६, सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास चालू असतं आणि मराठीत बोलता येतं. आणि घरात नवऱ्याला सांग. नसेल तर छानच, पण नंबर सेव्ह करून ठेव, तुझ्या त्या फॅन ग्रुपवर कुणाला तरी लागेल.

तो सुटला असं मला नाही वाटत. ४१ वर्षांचा होता, सहा मुलांचा बाप होता, आठवड्याभरात, २७ जुलैला, अमेरिकेतली टूर सुरू होणार होती. तो आजारी होता आणि त्या आजाराने त्याला नेलं, मी याच्याकडे असंच बघते.

आता त्या कमेंटबद्दल, कारण मला वाटतं दर जुलैला तुला जे टोचतं त्यात दुःखापेक्षाही ही कमेंट जास्त आहे. कमेंट वाईट होती, ते मी नाकारणार नाही, तुलाही ते माहितीये. तू एकटी नव्हतीस, त्या मे महिन्यात जगभरचे जुने फॅन भडकले होते, हा पॉप झाला, हे आमचं लिंकिन पार्क नाहीच वगैरे, आणि चेस्टरला ते लागलंही होतं, मुलाखतींमध्ये तो त्यावर चिडून बोलला होता. पण त्याच काळात त्याच्या आयुष्यात काय काय चाललं होतं ते एकदा शांतपणे बघ ना. अल्बम आला १९ मे ला. त्याच्या आदल्याच दिवशी त्याचा जवळचा दोस्त, साउंडगार्डन बँडचा गायक क्रिस कॉर्नेल गेल्याची बातमी आली, तोही असाच गेला, आणि त्याच दिवशी लिंकिन पार्कला टीव्हीच्या कार्यक्रमात गायचं होतं, तिथे त्यांनी वन मोअर लाइट हे गाणं क्रिससाठी म्हटलं. पुढे क्रिसच्या अंत्यविधीलाही चेस्टर गायला. आणि ज्या तारखेला चेस्टर गेला ती २० जुलै म्हणजे क्रिसचा वाढदिवस. त्याच्याही मागे जा, लहानपणी त्याच्यावर लैंगिक अत्याचार झाले होते हे त्याने स्वतः जाहीरपणे सांगितलं होतं, दारू आणि ड्रग्जशी तो वर्षानुवर्षं झगडत होता, त्याच वर्षी एका मुलाखतीत तो म्हणाला होता की माझं हे डोकं म्हणजे वाईट वस्ती आहे, तिथे मी एकट्याने जाता कामा नये. एवढ्या मोठ्या ओझ्यात पुण्यातल्या एका मुलीने एका पेजवर लिहिलेली दोन वाक्यं शोधून काढायची आणि दोष त्यांच्यावर ठेवायचा, हे तू स्वतःशी का करतेस?

आणि तो गेल्यावर त्याच्या बायकोने, टॅलिंडाने, एक व्हिडिओ टाकला होता, बघितला असशील तू, तो जायच्या ३६ तास आधीचा. घरच्यांबरोबर बसून खेळतोय, खळखळून हसतोय. तिला जगाला एवढंच दाखवायचं होतं की डिप्रेशन असलेला माणूस बाहेरून असाही दिसतो. जी बाई त्याच्या शेजारी झोपत होती तिला कळलं नाही, बँडमधल्या दोस्तांना कळलं नाही, मग तुला इथे बसून कसं कळणार होतं? बऱ्याच फॅन लोकांना हे खातं, की तो वर्षानुवर्षं गाण्यातून ओरडून सांगत होता आणि आपण त्यावर हात वर करून नाचत होतो. मला ते तसं नाही वाटत. तो ओरडत होता ते तुझ्यापर्यंत पोचत होतं, म्हणून तर दहावीतली तू त्या रात्री काढू शकलीस. गाणं ऐकणाऱ्याने गायकाचा डॉक्टर व्हावं ही अपेक्षा कुणीच करत नाही गं, त्यानेही केली नसती.

एक सुचवू? तो अल्बम तू नंतर कधी ऐकलायस का? माझा अंदाज आहे, नाही. ऐक. पूर्ण, पहिल्यापासून शेवटपर्यंत, पाऊण तासही लागत नाही. त्यातलं अल्बमच्याच नावाचं गाणं मुळात त्यांच्या रेकॉर्ड कंपनीतल्या एका मैत्रिणीसाठी होतं, ती कॅन्सरने गेली होती, मग ते क्रिसचं झालं आणि शेवटी चेस्टरचंच झालं. आवडलं नाही तर नको आवडू देत, माझी काही जबरदस्ती नाही, पण तेव्हा रागात ऐकलंस तसं आता ऐकू नकोस.

आता नवरोबा. तो तुझा कोण लागत होता, हे वाक्य मला फार लागलं, खोटं कशाला बोलू. ६ फेब्रुवारी २०२२ ला लताबाई गेल्या, शिवाजी पार्कला अंत्यसंस्कार झाले, त्या दिवशी महाराष्ट्रात घराघरात टीव्हीसमोर बसून लोक रडत होते आणि कुणी कुणाला विचारलं नाही की त्या तुमच्या कोण लागत होत्या, त्यांना तुमचं नाव माहीत होतं का. कारण लताबाईंचं दुःख आपल्याकडे सगळ्यांना कळतं. तुझं दुःख इंग्रजी गाण्यातलं, आरडाओरडा करणाऱ्या अमेरिकन माणसाचं, टॅटूवाल्याचं, ते तुझ्या सासरी कुणाला कळणार? आपल्याकडे माणूस गेला की दहावा होतो, तेरावा होतो, लोक भेटायला येतात, चार जण त्याच्याबद्दल बोलतात, पुढच्या वर्षी वर्षश्राद्ध होतं. तुला काय मिळालं? ती बातमी आपल्याकडे आली तेव्हा रात्र झालेली होती, तू मोबाइलवर एकटीने वाचली असशील, दुसऱ्या दिवशी शुक्रवार, ऑफिस. कुणी भेटायला आलं नाही. मग ते रडणं वॉशरूममध्ये नाही जाणार तर कुठे जाणार?

पण नवऱ्याची बाजूही बघ जरा. त्याला चेस्टर दिसतो, पोस्टरवरचा. दहावीतली तू त्याला दिसतच नाहीये, कारण बाबांचं, त्या रात्रींचं, तू त्याला कधी सांगितलेलंच नाहीयेस. अर्धीच गोष्ट कळलेला माणूस असंच काहीतरी बोलणार. तेव्हा पुढच्या जुलैची वाट बघू नकोस, या रविवारी मुलगी झोपली की त्याला बसव. २७ ऑक्टोबर २०१७ ला हॉलीवूड बोलमध्ये बँडने चेस्टरसाठी जो कार्यक्रम केला तो यूट्यूबवर आहे, मोठा आहे, सगळा दाखवू नकोस. त्यातलं नम्ब हे गाणं तेवढं दाखव. स्टेजवर मधोमध त्याचा माइक उभा, त्याला फुलं बांधलेली, बँड वाजवतोय आणि गायला स्टेजवर कुणीच नाही, सगळं गाणं समोरची पब्लिक म्हणते. ते संपलं की व्हिडिओ बंद कर आणि त्याला दहावीचं सांग. काय काय ऐकू यायचं शेजारच्या खोलीतून, आई काय करायची, तू दार लावून हेडफोन कसा घालायचीस. नीट नाही बोलता आलं तरी चालेल, रडत सांगितलंस तरी चालेल. त्यानंतरही तो म्हणाला ना की तो तुझा कोण, तर मला परत लिही, मग आपण चेस्टर बाजूला ठेवून तुमच्या दोघांबद्दलच बोलू.

आणि हे बाबांचं प्रकरण एका रविवारी मिटणारं नाही. दारूच्या घरात वाढलेली मुलं मोठी होतात, नोकरीला लागतात, सगळं छान चाललेलं असतं आणि कुठल्या तरी एका तारखेला, एका गाण्याला ते सगळं वर येतं. एखाद्या काउन्सेलरकडे जा, शक्यतो व्यसनाधीन माणसांच्या कुटुंबांसोबत काम केलेल्याकडे. पुण्यात तुला शोधावं लागणार नाही फार, मुक्तांगण तिथे १९८६ पासून व्यसनमुक्तीचं काम करतंय, तिथे विचारलंस तरी कुणीतरी वाट दाखवेल.

राहिलं तिकीट. बघ, चेस्टर गेल्यावर सगळ्यात जास्त कुणाचं नुकसान झालं असेल, घरच्यांच्या खालोखाल, तर त्या बँडमधल्या पोरांचं. माइक शिनोडाने त्या दुःखावर २०१८ मध्ये पोस्ट ट्रॉमॅटिक नावाचा आख्खा अल्बम केला, एकटा शो करत फिरला, चेस्टरच्या ओळी पब्लिककडून म्हणून घ्यायचा. सात वर्षांनी, सप्टेंबर २०२४ मध्ये, ते एमिली आर्मस्ट्राँगला घेऊन परत उभे राहिले. ज्यांनी त्याच्याबरोबर गाणी बनवली त्यांना जर ती गाणी परत वाजवावीशी वाटली, तर ऐकायला जाणारी तू गद्दार कशी? माझं मत विचारशील तर जा. चेस्टर असताना ते भारतात कधी आलेच नाहीत, त्याला समोर बघायचं तुझं राहूनच गेलं, ती हळहळ तिथे उसळून येईल, तयारी ठेव. ऑफिसच्या ग्रुपमधल्या एका तरी मैत्रिणीला आधीच सांगून ठेव की मला मधेच बाहेर जावंसं वाटेल, तू सोबत ये. आणि एमिली त्याच्यासारखी गाते का हे मोजत बसू नकोस, ती त्याच्यासारखी गाणार नाही, गाऊही नये. नाहीच जावंसं वाटलं तर तिकीट दुसऱ्याला दे, त्यातही काही चुकीचं नाही. फक्त गद्दारी म्हणून नको थांबूस.

पण ते लाइक मात्र आजपासून बंद. यावर मी जरा कडक बोलणार आहे. एक कमेंट इतकी वर्षं तुझी झोप उडवतेय, आणि तू आता दुसऱ्या एका गाणाऱ्या बाईला पडणाऱ्या शिव्यांवर अंगठा दाबतेस? तिच्या डोक्यात काय चाललंय तुला माहितीये का? तिचं गाणं आवडलं नाही तर आवडलं नाही म्हण, बिनधास्त म्हण, पण त्या शिव्यांच्या धाग्यातून बाहेर पड. जमलं तर एकदा तिथे लिही की मला हे पटत नाही. दोनचार जण तुझ्यावरही तुटून पडतील, पडू देत.

आणि २० जुलैला सुट्टी टाक. सरळ टाक, कारण विचारलं तर पर्सनल म्हण. दिवसभर त्याला ऐक, रडायचं तेवढं घरी रड. शिवाय २० मार्चही लक्षात ठेव, त्याचा वाढदिवस, टॅलिंडाने त्याच तारखेवरून (अमेरिकेत महिना आधी लिहितात, ३/२०) ३२० नावाने मानसिक आरोग्याचं काम सुरू केलंय, खूप फॅन तो दिवस पाळतात. मुलीला त्या दिवशी एखादं गाणं ऐकव, हळूवार असलेलं निवड, तिला काय वाटतं बघ.

शो कसा झाला ते कळवच, मला खरंच ऐकायचंय. पण मी अगदी सुरुवातीला जे विचारलंय त्याचं उत्तर आधी पाठव, याच आठवड्यात. ते छापणार नाही.

तुझी मावशी