नाइटिया माशाचा जीवाश्म इतका स्वस्त कसा? नकली असतो का?

नाही. ढिगाने सापडतो म्हणून स्वस्त. "पाच कोटी वर्षं जुनी वस्तू पिझ्झाच्या भावात? गंडवलंय तुला!" हे आमच्या भावजींकडून दर गणपतीत ऐकतो, त्यामुळे तुमचा प्रश्न जरा लागलाच.

माझा मासा तर मी विकत घेतलेलाच नाही, स्वतः फोडून काढलाय. अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीला नोकरीला असताना वायोमिंग राज्यातल्या केमररजवळच्या एका खासगी खाणीत गेलो होतो. पैसे भरायचे, हातोडी-छिन्नी घ्यायची आणि चुनखडीच्या लाद्या फोडत बसायचं. डोक्यावर ऊन, गुडघ्यांची वाट लागलेली, आणि बराच वेळ हाती नुसती पांढरी धूळ. मग एका लादीच्या कडेला छिन्नी लावून हलकेच ठोकलं आणि ती मधोमध उलगडली. दोन्ही अंगांवर तोच मासा, वीतभरही नाही, फिकट दगडात नारिंगी-तपकिरी काटा. पोटाखाली टोकदार खवल्यांची रांग, तारली साफ करताना बोटाला लागते तशीच. हेरिंग-तारलीच्याच गोतावळ्यातला तो. फरक एवढाच की याला तशी रांग पाठीवरही असते.

इओसीन काळात, साधारण 5.2 कोटी वर्षांपूर्वी, तिथे मोठं तळं होतं. नाइटिया थव्याने राहायचा आणि मरायचाही थव्यानेच. एकेका लादीवर डझनावारी दिसतात. डिप्लोमिस्टस नावाच्या मोठ्या माशाच्या तोंडात अडकलेला नाइटियाही सापडलाय. 1987 पासून तो वायोमिंगचा अधिकृत राज्य-जीवाश्म आहे. इतका मुबलक माल असताना अख्खा मासा खोटा घडवण्याची मजुरी कुणाला परवडणार?

रंगरंगोटी मात्र होते, तेवढं बघून घ्या. तुटलेली शेपटी ब्रशने पुरी करतात. भिंग लावा: खऱ्या काट्याला उंचसखलपणा असतो, रंग सपाट दिसतो आणि दगडातल्या चिरेवरूनही बिनधास्त पुढे जातो. मोठ्या, महागड्या माशांबद्दल मी ही हमी देणार नाही, तिथे जोडकाम जास्त चालतं. आणि कधी तिकडे गेलात तर शेजारच्या फॉसिल ब्यूट नॅशनल मॉन्युमेंटमधला खडाही उचलू नका, ती संरक्षित जागा आहे.

घरात कुणी "नकलीच" म्हणून हटून बसलं तर पावती दाखवत बसू नका, सरळ भिंग हातात द्या. आमच्या भावजींनी ते अजून घेतलेलं नाही. स्वतः मात्र सर्टिफिकेटसकट एकमुखी रुद्राक्ष घेऊन बसलेत.