आकडा कधी कोटात, कधी बिना कोटाचा: पर्लच्या स्केलरच्या पोटात काय असतं

भाऊ, आधी तुमचा प्रश्न थोडक्यात परत मांडतो, म्हणजे मागून येणाऱ्याला पण समजेल. दारव्ह्याकडच्या जिनिंगवर काट्याच्या इंडिकेटरवरून सिरियल केबलनं वजन येतं, तुमची पर्ल भाषेतली स्क्रिप्ट भरलेल्या गाडीच्या वजनातून रिकाम्या गाडीचं वजन वजा करते आणि निव्वळ वजन जेसनमधे (मजकुराच्या रूपात माहिती पाठवायची पद्धत) घालून मोबाइलच्या ॲपला पाठवते. बहुतेक गाड्या बरोबर जातात, मधेच एखाद्या गाडीचं निव्वळ वजन 9220 च्या जागी "9220" असं कोटात जाऊन पडतं आणि ॲप म्हणतं हा आकडाच नाही. वर दोघांनी सांगितलं केबल बदला, एकानं इंडिकेटरवर बिल फाडलं. केबल बदलू नका बाप्पा, केबल चांगली आहे, उगाच पैसे घालाल.

तुम्ही जो कोड टाकला त्यात एक ओळ आहे, निव्वळ वजन 9000 च्या वर गेलं तर लॉगमधे "जड गाडी, निव्वळ" असं लिहून पुढे व्हेरिएबल गुंफलंय. कोटात जाणाऱ्या गाड्या पाहा, सगळ्या 9000 च्या वरच्याच निघतील. तुम्ही म्हणाल लॉगमधे नुसतं लिहिलं, व्हेरिएबलला हात कुठं लावला? लावला, आणि तो काऊन लागतो हे समजायला पर्ल एक स्केलर, म्हंजे एकच किंमत धरणारा व्हेरिएबल, आत सी मधे (पर्ल ज्या भाषेत लिहिलंय ती) कसा ठेवतो ते पाहावं लागते. जरा लांब होईल, चहा घेऊन बसा.

पर्लमधे डॉलरवाल्या प्रत्येक व्हेरिएबलच्या मागं सी चं एक स्ट्रक्चर असतं, त्याला एसव्ही, म्हंजे स्केलर व्हॅल्यू, म्हणतात. त्याचं डोकं लहानसं असतं, चार खाने फक्त. पहिला खाना पॉइंटर, जो धडाकडे जातो. दुसरा रेफरन्स काउंट, म्हंजे या एसव्हीला किती जणांनी धरून ठेवलंय. तिसरा फ्लॅग्ज, ज्याच्यात टाइप पण असतो. आणि चौथा एक युनियन, ज्याच्यात परिस्थितीनुसार पूर्णांक, नाहीतर स्ट्रिंगच्या (अक्षरांच्या ओळीच्या) बफरचा पत्ता, नाहीतर दुसऱ्या एसव्हीचा पत्ता बसतो. 64 बिटच्या मशीनवर हिशोब 8 अधिक 4 अधिक 4 अधिक 8, एकूण 24 बाइट. धड वेगळं असतं आणि टाइपप्रमाणे लहानमोठं असतं.

डोकं न् धड वेगळं काऊन केलं, तर धड बदलता यावं म्हणून. गावात कुडाचं घर पाडून घरकुल बांधलं तरी नमुना आठवर जागा तीच राहते नं, तसं. ॲरे (यादी), हॅश (नाव आणि किंमत अशा जोड्या), रेफरन्स (दुसऱ्याकडे बोट दाखवणारा) सगळ्यांकडे पत्ता असतो तो डोक्याचा. मागं धड पाडून मोठं बांधलं तरी कुणालाच नवीन पत्ता कळवावा लागत नाही.

आता तुमचं निव्वळ वजन घेऊ. 15480 मधून 6260 गेले, 9220 राहिले, पूर्णांक आहे. पर्ल त्याला आयव्ही (इंटिजर व्हॅल्यू, म्हंजे पूर्णांक) टाइपचा एसव्ही देतो. आणि इथं एक अशी करामत आहे की पहिल्यांदा वाचली तर वाटते कुणीतरी चुकून लिहिलंय. नुसत्या पूर्णांकाला धड देतच नाहीत, तो आकडा डोक्यातल्या चौथ्या खान्यातच बसतो. पण सी मधले मॅक्रो तर धडाच्या पॉइंटरवरून ठराविक अंतर पुढं जाऊन पूर्णांक वाचतात, मग प्रत्येक वेळी "धड आहे का नाही" असा इफ टाकायचा का? नाही टाकला. त्यांनी काय केलं, पहिल्या खान्यातला पॉइंटर मुद्दाम मागं सरकवून ठेवला, इतका मागं की तिथून ते ठराविक अंतर मोजलं की बरोब्बर डोक्यातल्या चौथ्या खान्यावरच येऊन पडते. म्हंजे पॉइंटर दाखवतो ती जागा त्याची नाहीच, तिथं कुणाचाही माल असू शकते, पण तिथलं दुसरं काही कुणी वाचत नाही म्हणून चालून जाते. हे पर्लच्या 5.10 व्हर्जनपासून आहे, 2007 चं. नंतर 5.22 मधे दशांशवाल्या आकड्यालाही हीच सवलत मिळाली, जिथं डबलची साइज पूर्णांकाच्या खान्यात मावते तिथं. मला विचाराल तर पर्लच्या सोर्समधली ही सगळ्यात हुशार आणि सगळ्यात बेरकी जागा आहे.

फ्लॅग्ज म्हंजे कोणत्या खान्यातला माल आत्ता खरा धरायचा त्याच्या खुणा. आयओके लागला तर पूर्णांक खरा, एनओके लागला तर दशांश खरा, पीओके लागला तर स्ट्रिंग खरी, आरओके लागला तर हा रेफरन्स आहे. आता सगळ्यात महत्त्वाचं, नीट वाचा: या खुणा एकावेळी एकच असते असं नाही. दोन लागू शकतात, तीन पण लागू शकतात. पर्लमधे "हा आकडा आहे का स्ट्रिंग" हा प्रश्नच अर्धवट आहे, कारण एकच स्केलर दोन्ही असू शकतो. एरर सांगणारा तो उद्गारचिन्हवाला व्हेरिएबल पाहा, आकडा म्हणून वापरला तर 2 आणि छापला तर "नो सच फाइल ऑर डिरेक्टरी". तिथं ते मुद्दाम केलंय. पर्लचं "खोटं" (फॉल्स) पण तसंच, आकडा म्हणून 0 आणि स्ट्रिंग म्हणून रिकामी.

तुमच्या लॉगच्या ओळीत काय झालं ते आता पाहा. 9220 ला स्ट्रिंगमधे गुंफायचं तर आधी त्याचे चार अक्षर बनवावे लागतात. पर्ल ते बनवतो, आणि पुढच्या वेळी परत मेहनत नको म्हणून तिथंच त्याच एसव्हीत ठेवून देतो. पण ठेवणार कुठं? चौथ्या खान्यात तर पूर्णांक बसलाय. मग टाइप वाढवतात, आयव्हीचा पीव्हीआयव्ही (स्ट्रिंग आणि पूर्णांक दोन्ही मावणारा) होतो, आता खरंखुरं धड मिळते ज्याच्यात स्ट्रिंगची लांबी, बफरची एकूण जागा आणि पूर्णांक असे तीन खाने, पूर्णांक डोक्यातून उठून धडात जातो आणि डोक्यातल्या मोकळ्या खान्यात स्ट्रिंगच्या बफरचा पत्ता येऊन बसतो. त्याच्यावर पीओकेची खूण लागते. तुम्ही व्हेरिएबलला काहीच असाइन केलं नाही, फक्त वाचलं, आणि आत घर बदलून गेलं.

मग जेसनवाला मॉड्यूल येतो. त्याच्याकडे विचारायला कुणी नाही, तो फ्लॅग पाहतो. जेसन एक्सएस आधी स्ट्रिंगची खूण पाहतो, सापडली की कोटात टाकून मोकळा होतो, पूर्णांकाची खूण पण आहे का हे पाहायला तो थांबतच नाही. 9000 च्या खालची गाडी लॉगला गेलीच नाही, तिच्यावर फक्त आयओके, ती बिना कोटाची जाते.

आणि तुम्ही म्हणालात नं की "घरी टेस्ट करून पाहिलं, आकडा प्रिंट पण करून पाहिला, काहीच होत नाही". बरोबर आहे, व्हायचंच नाही. प्रिंटला नुसता पूर्णांक एकटा दिला तर पर्ल तो थेट फाइलवर आकडा म्हणून छापतो, स्ट्रिंग बनवून ठेवत नाही. कोटातल्या वाक्यात गुंफला, नाहीतर डॉटनं जोडला, नाहीतर हॅशची की म्हणून वापरला की मग स्ट्रिंग बनते. म्हणून टेस्टमधे सापडत नाही आणि काट्यावर सापडते.

विश्वास ठेवू नका माझ्यावर, डेव्हल पीक मॉड्यूलमधलं डम्प फंक्शन वापरा, पर्लसोबतच येते, वेगळं टाकावं लागत नाही. लॉगच्या ओळीआधी डम्प करा, एसव्ही बरोबर आयव्ही लिहून येईल, फ्लॅग्जमधे आयओके आणि पीआयओके, खाली 9220. लॉगनंतर परत करा. "ॲट" च्या पुढचा पत्ता तोच दिसेल, म्हंजे डोकं तेच, पण टाइप पीव्हीआयव्ही झालेला, फ्लॅग्जमधे पीओके घुसलेला, पूर्णांक 9220 जागेवर आहेच, त्याखाली "9220" आणि मागं शून्य बाइट, कर 4 आणि लेन त्याच्याहून मोठी. कर म्हंजे स्ट्रिंगची आत्ताची लांबी, लेन म्हंजे बफरची एकूण जागा.

ते पी लागलेले फ्लॅग काय, पीआयओके वगैरे, असं कुणीतरी विचारणारच. तो पी म्हंजे प्रायव्हेट. 92.2 क्विंटलला ॲरेचा इंडेक्स म्हणून वापरलं तर पर्ल 92 काढून पूर्णांकाच्या खान्यात ठेवतो, पण 92 म्हंजे काही पूर्ण 92.2 नाही, म्हणून फक्त प्रायव्हेट खूण लावतो, जाहीर खूण लावत नाही. घरातल्या घरात चालेल, बाहेर सांगायचं नाही. इंडिकेटरवरून "15480 केजी" असं शेपूट लागून आलं आणि तुम्ही ते तसंच बेरजेत टाकलं तरी तोच प्रकार, आकडा निघतो पण जाहीर खूण नाही.

आता भरलेल्या गाडीचं वजन. ते सिरियलवरून येते म्हणून जन्मापासून स्ट्रिंगच. वजाबाकीत वापरलं की त्याच्यावर आयओके पण लागतो, पण पीओके जात नाही, म्हणून जेसनमधे ते दरवेळी कोटातच जाते. तुमच्या ॲपमधे ते फील्ड स्ट्रिंगच धरलेलं दिसते, म्हणून तिकडे बोंब झाली नाही.

5.36 मधे, म्हंजे 2022 साली, इथं सुधारणा झाली. पूर्णांकाची स्ट्रिंग बनवली तर आता जाहीर पीओके लावत नाहीत, फक्त प्रायव्हेटवाला लावतात. त्यामुळं पूर्णांक आणि पीओके दोन्ही जाहीर दिसले तर समजायचं की जन्म स्ट्रिंगचा आहे. शिवाय बिल्टइनमधे क्रिएटेड ॲज नंबर नावाचं फंक्शन आलं. पण तुमच्या पीसीवर 5.30 आहे, तर हे तुमच्या कामाचं नाही, आणि नवीन पर्ल टाकलं तरी जो मॉड्यूल प्रायव्हेट खूणच पाहतो तो कोट लावणारच. पर्ल अपडेट करून बसू नका एवढ्यासाठी, हंगाम चालू आहे.

उपाय एका ओळीचा आहे. जेसनसाठी हॅश भरताना, तिथंच, निव्वळ वजनात शून्य मिळवून टाका. बेरजेचं उत्तर नवीन एसव्हीत येते, त्याच्यावर फक्त आयओके असते, मागं लॉगनं काय करून ठेवलं त्याचा संबंध उरत नाही. काहीजण सांगतील लॉगची ओळ खाली घ्या. आज चालेल, उद्या दुसरं कुणी वर अजून एक ओळ टाकेल आणि परत तेच रडगाणं. मी तर म्हणतो बाहेर जाणाऱ्या प्रत्येक फील्डला दारातच ठरवून टाकायचं, आकडा असला तर शून्य मिळवा, स्ट्रिंग असली तर रिकामी स्ट्रिंग जोडा. पण सरसकट शून्य मिळवत सुटू नका, शेतकऱ्याचा खाते नंबर "00731" असला तर त्याचा 731 होऊन बसेल आणि मग पेमेंटच्या वेळी शिव्या खाल.

शून्य मिळवून परत त्याच व्हेरिएबलमधे ठेवलं तरी चालते, पीओके निघून जाते. गंमत अशी की टाइप मात्र पीव्हीआयव्हीच राहते. पर्लमधे एसव्ही मोठा होतो, परत लहान होत नाही, धड तसंच राहते, बफर पण पडून राहते, फक्त खूण पुसलेली असते. म्हणून टाइप पाहून निर्णय घेऊ नका, खूण पाहा.

याचा मेमरीवर पण परिणाम आहे, तुम्ही हंगामभराच्या पावत्या एकदम ॲरेत उचलता म्हणून सांगतो. एक लाख पूर्णांक असले तर डोक्यांचेच 24 लाख बाइट, धड शून्य. एकदा सगळे स्ट्रिंगमधे गुंफून रिपोर्ट काढला की प्रत्येकाला 24 बाइटचं धड आणि वरून वेगळा बफर. रिपोर्ट संपला तरी ते परत मिळत नाही. फोर्क करून, म्हंजे प्रोसेसची नक्कल काढून, त्या चाइल्डमधे रिपोर्ट काढत असाल तरी, नुसतं वाचून मेमरीची पानं बदलतात आणि शेअर असलेली मेमरी वेगळी व्हायला लागते.

दुसऱ्या भाषांत असं होते का, तर बहुतेकांत नाही. लुआमधे एक टॅग आणि एक किंमत, 64 बिटवर 16 बाइट, बस. रुबीत लहान पूर्णांकाला ऑब्जेक्टच नाही, पॉइंटरच्याच जागेत आकडा बसवून शेवटच्या बिटवर 1 लावतात. पायथनमधे पूर्णांकाचा ऑब्जेक्ट जन्मभर पूर्णांकच, त्याची स्ट्रिंग मागितली तर नवीन ऑब्जेक्ट हातात देतात. पीएचपी 7 मधे पण किंमत आणि टाइप मिळून 16 बाइट. पर्लचं वजन जास्त आहे, पण ज्या कामासाठी ते बनलं, 1987 साली, फाइलीतून मजकूर उचला, आकडे काढा, परत मजकूर छापा, त्या कामात तोच आकडा शंभर वेळा स्ट्रिंग होतो, तिथं एकदा बनवून ठेवणं फायद्याचंच होतं. तेव्हा जेसन कुठं होतं?

तुम्ही खाली विचारलंय की इंडिकेटर वाचायचा भाग सी मधे एक्सएस (पर्लला सी चा कोड जोडायची सोय) करून लिहू का. लिहा, पण तिथं पूर्णांक हवा तर एसव्हीआयव्ही मॅक्रो वापरा, शेवटी एक्स लागलेला एसव्हीआयव्हीएक्स नाही. पहिला आधी खूण पाहतो, नसली तर स्ट्रिंगमधून आकडा काढून देतो. एक्सवाला काहीच न पाहता खान्यात हात घालतो, आणि तिथं स्ट्रिंगवाला एसव्ही आला तर काय हाती लागेल त्याचा नेम नाही. आणि वजन परत देताना न्यूएसव्हीआयव्ही करून द्या, म्हणजे भरलेलं आणि रिकामं दोन्ही वजनं पहिल्यापासूनच आकडे राहतील, फक्त तेव्हा ॲपमधलं ते भरलेल्या वजनाचं फील्ड पण बदलावं लागेल, नाहीतर बोंब इकडून तिकडे जाईल.

आधी ते दोन डम्प टाका इथं, लॉगच्या आधीचा न् नंतरचा. फ्लॅग्जची ओळ पुरे, बाकी नाही टाकलं तरी चालते.