आजोबांची ड्रॅगसाठी (सरळ रेषेतल्या छोट्या शर्यतीसाठी) बनवलेली फियाट शेडमध्ये जाम पडलीय, तेच इंजिन बांधू की मारुती जिप्सीचं टाकू?

भाऊ, उत्तर आधी देऊन टाकतो, तेच इंजिन बांधा. जिप्सीचं टाकू नका, निदान जुन्याची मापं हातात येईपर्यंत तरी नको.

तुम्ही लिहिलंय का गाडी अमळनेरकडे मळ्यातल्या शेडमध्ये वीस वर्षं उभी, आरसी १९७१ ची, मागची सीट काढलेली, गिअर स्टेअरिंगवरून काढून खाली आणलेला, इंजिन जाम, आणि गावचा मेकॅनिक म्हणून राहिला का हे भंगारात द्या. मी जळगावचा, धंदा लेथचा, डाळ मिलचे शाफ्ट, पाइपवाल्यांचे डाय असली कामं. अशीच एक फियाट मी रविवार-रविवार करत पाच वर्षांत उभी केली. ती बनवली होती भुसावळच्या एका रेल्वेतल्या फिटरनं, मी घेतली तेव्हा ते रिटायर होऊन जमाना झाला होता. ती गाडी कुठे पळायची ते मी इथं लिहीत नाही, समजून घ्या. माझ्याही गाडीला बघून पहिल्या मेकॅनिकनं हेच सांगितलं होतं, ‘हाई इंजन नही भाऊ, भंगार शे.’

जिप्सीचं इंजिन बसतं, खोटं कशाला बोलू, ते उभं बसणारं आणि मागच्या चाकांना पॉवर देणारं आहे म्हणूनच लोकं ते सुचवतात. पण तुमची गाडी पन्नास वर्षांच्या वर गेलीय. २०२१ च्या जुलैमध्ये केंद्रानं व्हिंटेज गाड्यांचा नियम काढला, पन्नास वर्षांवरच्या गाडीला ‘व्हीए’ सिरीजचा नंबर मिळतो, नव्या रजिस्ट्रेशनला फी वीस हजार, पण अट अशी का चासी, बॉडी, इंजिनात मोठा फेरफार नसावा. दुसरं इंजिन टाकलं का तो रस्ता बंद, आणि मोटार वाहन कायद्याचं गाडीतल्या फेरफाराबद्दलचं कलम ५२ वेगळंच मागे लागतं. तुमच्या आजोबांनी केलेले बदल कितपत चालतील ते आरटीओत आधी विचारून घ्या, मग पैसे घाला.

आता वेगाचं स्वप्न जरा जमिनीवर आणू. फियाटचं इंजिन १०८९ सीसी, बोअर (सिलिंडरचा व्यास) ६८ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ७५, कंपनीतून निघताना चाळीसेक हॉर्सपॉवर. ड्रॅगवाल्यांचा एक ढोबळ हिशोब आहे, गाडीचं वजन पाउंडात घ्यायचं, हॉर्सपॉवरनं भागायचं, घनमूळ काढायचं आणि ५.८२५ नं गुणायचं, पाव मैलाचे म्हणजे ४०२ मीटरचे सेकंद मिळतात. गाडी माणसासकट ९०० किलो धरली तर चाळीस हॉर्सपॉवरला साडेएकवीसच्या आसपास येतं, साठ काढले तरी पावणेएकोणीस. म्हणजे आजची साधी हॅचबॅक बाजूला उभी राहिली तरी तुम्ही मागे. अमेरिकेतले व्हिडिओ बघून हुरळू नका, त्यांच्या नायट्रोवाल्या गाड्या तर २००८ पासून पाव मैलही पळत नाहीत, हजार फुटातच संपवतात. नुसतं पळायचंच असेल तर ही गाडी सोडा आणि दुसरी घ्या. आजोबांची गाडी त्यांनी बनवली तशी उभी करायची असेल तर पुढचं वाचा.

माझी सगळ्यात मोठी चूक सांगतो, ती तुमची होऊ नये. हेड (सिलिंडरवरचं झाकण) उघडलं तर आत एकावर एक दोन गॅस्केट, म्हणजे हेड आणि ब्लॉकच्या मधली सील. मी हसलो. म्हटलं काय जुगाड आहे भो, म्हातारबांना नवीन गॅस्केट नीट बसवता आलं नसेल म्हणून डबल घातलं. दोन्ही फेकले, एक कोरं लावलं, इंजिन जोडलं, पहिल्याच चढावर आतून खडखड आवाज, कुणीतरी पत्र्याच्या डब्यात छर्रे हलवतंय असा. मला वाटलं टॅपेट (व्हॉल्व्हला ढकलणारे तुकडे) वाजत असतील. तसाच दाबत राहिलो. तीन नंबरच्या पिस्टनची रिंगांच्या मधली भिंत तुटली आणि तुकड्यानं बोअर ओरबाडला.

मग डोकं ठिकाणावर आलं, आणि तेव्हा मोजलं जे आधी मोजायला पाहिजे होतं. हेड उलटं ठेवायचं, व्हॉल्व्ह-प्लग लावलेले, चेंबरच्या कडेला ग्रीस, वर भोक पाडलेला ॲक्रिलिकचा तुकडा, आणि औषधाच्या दुकानातल्या सिरिंजनं भोकातून डिझेल भरत जायचं, किती सीसी गेलं ते लिहायचं. जेमतेम साडेतेवीस सीसी गेलं. एका सिलिंडरचा स्ट्रोकचा व्हॉल्यूम २७२ सीसी, पिस्टन वर आल्यावर ब्लॉकच्या बरोबरीनं, दाबलेलं गॅस्केट १.२ मिमी म्हणजे ६८ च्या बोअरला साधारण ४.४ सीसी. एक गॅस्केट घातलं तर वर उरतात २८ सीसी, कॉम्प्रेशन, म्हणजे २७२ अधिक २८ भागिले २८, पावणेअकराच्या जवळ. दोन घातले तर सव्वाबत्तीस, कॉम्प्रेशन साडेनऊच्याही आत. हेड कधीतरी प्रमाणाबाहेर घासलं गेलं होतं, आणि फिटर साहेबांनी दुसरं गॅस्केट घालून ते परत माणसात आणलं होतं. जुगाड नव्हता, हिशोब होता. आपल्याकडे मे महिन्यात ४५ डिग्री, त्यात साधं पेट्रोल, तिथं पावणेअकरा कॉम्प्रेशन म्हणजे पेट्रोल दाबानं आपोआप पेटून इंजिन ठोकणारच, ती खडखड हीच.

म्हणून सांगतो का आजोबांच्या इंजिनातली एकही विचित्र वस्तू मोजल्याशिवाय फेकू नका. वॉशर, शिम, कापलेली स्प्रिंग, सगळं पिशवीत, पिशवीवर मार्करनं कुठून निघालं ते. फोटो तर काढालच.

जाम सोडवायचं म्हणाल तर प्लग काढून चारही भोकात डिझेल आणि एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं पातळ तेल) अर्धं-अर्धं, आणि आठ-दहा दिवस विसरून जा, रोज थोडं टाकायचं. मग क्रँकच्या (पिस्टन ज्या दांड्याला फिरवतात त्याच्या) पुलीच्या नटवर लांब पाना, हळूच पुढे-मागे. ट्रॅक्टरनं ओढून गिअरमध्ये टाकायचा शहाणपणा कुणी सुचवेल, त्याला चहा पाजून घरी पाठवा, रॉड वाकतात. आमचं नवव्या दिवशी हललं, त्या दिवशी घरी शेवभाजी झाली.

हललं म्हणून चालू करायला जाऊ नका, पूर्ण उघडा, आणि वरून नाही, खालून विचार करा. लोकं कार्ब्युरेटर आणि सायलेन्सरवर पैसा घालतात आणि क्रँक तसाच ठेवतात. या इंजिनाला मेन बेरिंग तीनच, म्हणजे दोन-दोन सिलिंडरच्या मध्ये क्रँकला आधार नाही, जास्त फिरवलं का तो मधून लवतो. प्रत्येक जर्नल (क्रँकचा बेरिंगमध्ये फिरणारा भाग) मायक्रोमीटरनं दोन दिशांनी मोजा, गोल आहे का अंड्यासारखं झालंय ते कळतं. ग्राइंडिंगला देण्याआधी डीपी टेस्ट करा, म्हणजे लाल डाय मारून पुसायचं आणि पांढरी पावडर मारायची, चीर असली तर लाल रेघ उठते. शेल (बेरिंगच्या अर्ध्या वाट्या) बसवताना ऑइलचा गॅप, ढोबळ नियम असा का जर्नलच्या दर इंचाला एक थाऊ (इंचाचा हजारावा भाग), ५० मिमी असेल तर ०.०५ मिमी. रिंगेचा गॅपही बोअरमध्ये घालून फिलर गेजनं बघा, ६८ ला पाव मिमीच्या थोडा वरच ठेवा, कमी ठेवला तर गरम झाल्यावर टोकं भिडतात आणि मग परत पिस्टन.

बोअर वाढवून ताकद येईल हा गैरसमज पण काढा. एक मिमी वाढवून ६९ केला तरी ११२२ सीसी होतात, ३३ सीसी जास्त, बस. ओरखडा जाईल तेवढाच बोअर घ्या. पुढच्यावेळी घ्यायला जागा उरू द्या, कारण ब्लॉक आता मिळणं अवघड होत चाललंय. मुंबईच्या पद्मिनी टॅक्स्या होत्या तोवर याच इंजिनाचा माल भंगारात पडलेला असायचा, त्या ऑक्टोबर २०२३ ला बंद झाल्या, आता जे आहे ते लोकं दाबून बसलेत.

पिस्टन आणि रॉड वजनाला सारखे करणं हे मात्र ताकदीपेक्षा मोलाचं, आणि ते आपल्या जळगावात जगात कुठं होणार नाही इतकं सोपं. मी चारही पिस्टन, पिना, रॉड गमछ्यात बांधून सराफ बाजारात ओळखीच्या दुकानात घेऊन गेलो. सराफानं पिस्टन हातावर तोलून विचारलं, ‘किती कॅरेट?’ दोघांत अकरा ग्रॅमचा फरक निघाला. हलक्याला जड करता येत नाही, जडाला आतून, पिनेच्या खालच्या जाड भागातून थोडं थोडं घासायचं, वरच्या टोपीला हात लावायचा नाही. रॉडचं मोठं टोक आणि छोटं टोक वेगळं तोलायचं, एक टोक टांगून दुसरं काट्यावर. तीन फेऱ्या झाल्या, सगळे एका ग्रॅमच्या आत आले, सराफानं पैसे घेतले नाहीत पण पुढचे चार महिने दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला ही गोष्ट सांगितली.

आता जिवाचं. फ्लायव्हील, म्हणजे क्रँकच्या टोकाचं जड चाक, बघा. जुने ड्रॅगवाले फ्लायव्हील लेथवर लावून पातळ करायचे, इंजिन चटकन वर जावं म्हणून. माझ्या गाडीचं इतकं छिललेलं का बोल्टच्या भोकापासून केसाएवढी चीर बाहेर निघालेली, ती डीपी टेस्टमध्येच दिसली. बिडाचं फ्लायव्हील जोरात फिरताना फुटलं तर बेलहाउसिंग (त्याच्यावरचं आवरण) फाडून तुकडे थेट ड्रायव्हरच्या पायाशी येतात. इथं मी म्हातारबांचं ऐकलं नाही. दुसरं जुनं स्टँडर्ड फ्लायव्हील आणलं, फक्त बाहेरच्या कडेवरून थोडं काढलं, कारण फिरवायला जड पडतं ते कडेचंच वजन, मधलं काढून फायदा कमी आणि धोका जास्त. मग क्रँकसकट बॅलन्स करून घेतलं.

कार्ब्युरेटरचं मी थोडक्यात सांगतो कारण त्यावर भांडणं फार. १५ डिग्रीच्या हवेपेक्षा ४५ डिग्रीची हवा नऊ-दहा टक्के पातळ असते, त्यामुळे उन्हाळ्यात जेट (पेट्रोल येण्याचं बारीक भोक) तोच ठेवला तर मिक्स्चर रिच होतं, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल जास्त. उलट आत्ताचं ई-२० (वीस टक्के इथेनॉलचं) पेट्रोल त्याला लीन करतं, म्हणजे हवा जास्त. दोन्ही एकमेकांना बरंचसं खातात आणि माणसाला वाटतं आपली ट्युनिंग भारी. मग डिसेंबरच्या पहाटे गाडी फटफट करते. जेट हिवाळ्यात ठरवा, प्लगचा रंग बघत. पेट्रोल पंपाचा डायफ्रॅम आणि सगळे रबरी पाइप नवीन, इथेनॉलला चालणारे घ्या, जुनं रबर फुगून विरघळतं आणि पेट्रोल गरम सायलेन्सरवर गळतं.

बॉडीचं काय, पत्रा आहे, ठोकणारे आहेत. फक्त डिफरन्शियल (वळताना मागच्या दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणारी पेटी) आतून वेल्ड केलंय का ते बघा, मागची दोन्ही चाकं उचलून एक फिरवा, दुसरं त्याच दिशेला फिरलं आणि थांबवता येत नसेल तर केलंय. माझं होतं. सरळ रेषेत छान, पण आमच्या गल्लीत वळताना टायर असे किंचाळायचे का शेजारच्या काकू गॅलरीत यायच्या.

चालू करण्याआधी प्लग काढून स्टार्टर मारत रहा, ऑइलचा दाब काट्यावर दिसेपर्यंत. नवीन कॅम (टॅपेटला ढकलणारा दांडा) टाकला असेल तर चालू होताच दोन हजार आरपीएमच्या आसपास वीस मिनिटं ठेवा, आयडलवर सोडू नका, टॅपेटला ऑइल उडून मिळतं ते फिरण्यानंच. आणि हायवेवर पळवू नका हो, आपल्या रस्त्यांवर केळीचे ट्रक कुठून वळतील नेम नाही.

तुमचं हेड उघडलं का आधी गॅस्केट मोजा, किती निघाले आणि चेंबरमध्ये किती सीसी गेलं ते इथंच खाली लिहा, कॉम्प्रेशनचा हिशोब मी करून देतो. तोवर हेड घासायला कुणाकडे देऊ नका.