शेअर बाजाराचा कायदा शिकायला इतक्या परीक्षा कशाला?

एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांचं पत्र आलंय. मुलगी पाच वर्षांच्या विधी अभ्यासक्रमाच्या चौथ्या वर्षाला आहे. तिनं वित्तीय बाजारातली वकील व्हावं असं त्यांनी ठरवलंय, कारण ‘पुढे पैसा तिथेच आहे’. त्यासाठी कॉलेज सांभाळून कंपनी सेक्रेटरी, सीएफए या गुंतवणूक विश्लेषणाच्या आंतरराष्ट्रीय परीक्षेची पहिली पातळी, एनआयएसएम या शेअर बाजाराचं शिक्षण देणाऱ्या संस्थेची प्रमाणपत्रं आणि सेबीच्या, म्हणजे बाजाराच्या नियामक संस्थेच्या, अधिकारी भरतीची तयारी असा पहाटे पाच ते रात्री अकराचा तक्ता त्यांनी पत्राला जोडलाय. मुलीचे गुण 68 टक्क्यांवरून 61 वर आलेत. त्यांचे प्रश्न दोन: 61 टक्क्यांत या क्षेत्रात निभाव लागेल का, आणि लागणार नसेल तर एमबीए फायनान्स करून घ्यावं का?

नमस्कार,

तुमचा तक्ता नीट पाहिला. आयुष्य बँकेत गेलेल्या माणसाचा आहे हे लगेच कळतं, एकही रकाना रिकामा नाही. रविवारी दुपारीसुद्धा सराव परीक्षा आहे. एलएल.बी.च्या स्वतःच्या अभ्यासाला मात्र रोज पाऊण तास. ज्या पदवीवर बाकी सगळं उभं राहायचं तिला पाऊण तास, आणि ज्या भरतीचा चौथ्या वर्षाच्या मुलीला अर्जही भरता येत नाही तिला दोन तास. गुण घसरल्याचं तुम्हाला आश्चर्य वाटतंय, याचंच मला आश्चर्य वाटलं.

मुलीचं म्हणणं काय, हे अडीच पानी पत्रात कुठे सापडलं नाही. ‘हल्ली ती फारसं बोलत नाही, पण ऐकते’ असं एक वाक्य आहे, आणि ते तुम्ही समाधानानं लिहिलंय. मला काळजी वाटली ती त्या वाक्यानं. 61 टक्क्यांचं काही वाटलं नाही. एकविशीतली मुलगी वडिलांशी वाद घालणं थांबवते तेव्हा तिला पटलेलंच असतं असं नाही. बऱ्याचदा तिनं नाद सोडलेला असतो.

आणि ही घरापुरती गोष्ट राहत नाही. या क्षेत्रात वकिलाला पैसे मिळतात ते मुख्यतः ‘हे करता येणार नाही’ हे सांगण्याचे. कंपनीचे नवे शेअर विक्रीला, म्हणजे इश्यू बाजारात, आणायची तारीख ठरलेली असते, प्रवर्तक (कंपनीचे कर्तेधर्ते) घाईत असतात, इश्यू सांभाळणारा मर्चंट बँकर दर तासाला फोन करत असतो. अशा वेळी कागद चाळताना सगळ्यात कनिष्ठ वकिलाला प्रवर्तकावरचा एखादा जुना खटला सापडतो, आणि तो प्रॉस्पेक्टसच्या, म्हणजे गुंतवणूकदारांसाठीच्या माहितीपत्रकाच्या, मसुद्यात कुठेच नसतो. तेव्हा तिनं तोंड उघडायचं असतं, तेही भरल्या मीटिंगमध्ये, तिच्या दुप्पट वयाच्या माणसांसमोर. ज्या मुलीला स्वतःच्या घरात ‘बाबा, मला सीएफए नको’ म्हणता येत नाही, ती तिथे काय बोलणार? तुम्ही तिला बाजारासाठी तयार करताय असं तुम्हाला वाटतंय. तुमचा तक्ता नेमकं उलट काम करतोय.

तुमच्या पत्रातली एक तक्रार मी पुन्हा वाचली. शेजारच्या काकूंच्या ‘कागदांच्या भानगडीत’ मुलीनं दोन महिने वाया घालवले, असं तुम्ही लिहिलंय. काय होती ती भानगड? वारलेल्या नवऱ्याच्या नावावरचे जुने कागदी शेअर. मृत्यू दाखल्यावर नाव एक, शेअर सर्टिफिकेटवर स्पेलिंग दुसरं. मधल्या काळात कंपनी दुसऱ्या कंपनीत विलीन झालेली. सलग सात वर्षं लाभांश कुणी घेतला नाही म्हणून शेअर गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे गेलेले. तुमच्या मुलीनं कंपनीच्या शेअरनोंदी ठेवणाऱ्या रजिस्ट्रारशी पत्रव्यवहार केला, प्रतिज्ञापत्रं तयार केली, काकूंचं डिमॅट खातं उघडून घेतलं, निधीकडे दावा दाखल केला आणि शेअर परत मिळवून दिले. साहेब, हाच तो वित्तीय बाजाराचा कायदा! तुम्ही ज्यासाठी तिला पहाटे पाचला उठवताय, ते काम तिनं कुणी न सांगता, फी न घेता पार पाडलं. 1 एप्रिल 2019 पासून कागदी शेअरचं साधं हस्तांतरण बंद आहे, वारसाच्या नावावर करायची वाट मात्र खुली ठेवलीय. हे तिला शोधून काढावं लागलं असणार. तिच्या बायोडेटात मी या कामाला सीएफएच्या वर जागा देईन.

आता तुमचा एक गैरसमज. ‘बाजार आता पूर्ण मशीनवर चालतो, वकिलाला तिथे फारसं काम उरणार नाही, म्हणून तिचं फायनान्स पक्कं करतोय’ असं तुम्ही लिहिता. बाजार आधी यंत्रांनी बदलला आणि कायदा मागून धापा टाकत आला, असं अनेकांना वाटतं. डिमॅटचंच बघा. शेअर कॉम्प्युटरवर नोंदवणं फार अवघड नव्हतं. अडचण अशी होती की कंपनी कायद्यानं प्रत्येक शेअरला वेगळा क्रमांक होता आणि मालकी बदलायला हस्तांतरणाचा फॉर्म, मुद्रांक आणि जुळणारी सही लागायची. सही जुळली नाही की व्यवहार परत. 1996च्या डिपॉझिटरी कायद्यानं ठरवलं की डिपॉझिटरीतला, म्हणजे शेअरची इलेक्ट्रॉनिक नोंद ठेवणाऱ्या संस्थेतला, एक शेअर दुसऱ्यासारखाच, क्रमांकाची गरज नाही. नोंदणीकृत मालक डिपॉझिटरी, पण लाभांश आणि मताचा हक्क लाभार्थी मालकाचा, म्हणजे तुमचा-माझा. ही रचना वकिली डोक्यातून आलेली आहे. फ्युचर्स-ऑप्शन्सची, म्हणजे पुढच्या तारखेच्या भावावर आज केलेल्या सौद्यांची, तर गोष्टच वेगळी. 1872च्या करार कायद्याच्या कलम 30 नुसार पैजेचा करार रद्दबातल ठरतो, आणि नुसत्या निर्देशांकावर केलेला सौदा, ज्यात द्यायला-घ्यायला मालच नाही, तो पैज नाही हे कोण सांगणार? 1998 मध्ये एल. सी. गुप्ता समितीचा अहवाल आला, 1999च्या अखेरीस कायद्यात दुरुस्ती होऊन डेरिव्हेटिव्हज, म्हणजे हेच सौदे, ‘सिक्युरिटीज’च्या (रोख्यांच्या) व्याख्येत बसवले गेले, आणि मगच जून 2000 मध्ये निर्देशांकाचे फ्युचर्स सुरू झाले. अगदी अलीकडचं सांगायचं तर, फेब्रुवारी 2025 मध्ये सेबीनं किरकोळ गुंतवणूकदारांच्या अल्गो ट्रेडिंगबद्दल, म्हणजे कॉम्प्युटर प्रोग्रॅमनं आपोआप होणाऱ्या सौद्यांबद्दल, परिपत्रक काढलं. त्यात ब्रोकर हा प्रिन्सिपल आणि अल्गो पुरवणारा त्याचा एजंट, असं नातं ठरवून दिलंय. हे प्रिन्सिपल-एजंट म्हणजे त्याच जुन्या करार कायद्याचं दहावं प्रकरण. तुमच्या मुलीनं ते सुरुवातीच्या वर्षांतच वाचलेलं असेल, बहुधा परीक्षेपुरतं. आज ते पुन्हा उघडायला हवं, आणि तुमचा तक्ता तेवढा वेळ देत नाही.

करार, कंपनी कायदा आणि प्रशासकीय कायदा या तीन विषयांवर हे क्षेत्र उभं आहे. तिसऱ्याकडे मुलं हमखास दुर्लक्ष करतात. सेबी स्वतः नियम करते, स्वतः चौकशी करते आणि स्वतःच आदेश देते. त्यामुळे ‘आमचं ऐकून घेतलं का, कागद दाखवले का’ हे वाद कायमचे. टी. ताकानो विरुद्ध सेबी या 2022च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं चौकशी अहवालातला संबंधित भाग नोटीस मिळालेल्याला द्यावा लागेल असं सांगितलं. असा निकाल समजून वाचायला फायनान्सची पदवी लागत नाही. ताळेबंद वाचता यायला हवा, हे मान्य. तो तिला तुम्ही शिकवू शकता. घरात बँकेचा अधिकारी असताना त्यासाठी क्लास कशाला?

परीक्षांबद्दल एवढंच: सेबी ग्रेड ए विधी शाखेला कायद्याची पदवी लागते, दोन टप्पे आणि मुलाखत असते, वयाची अट साधारण तिशीपर्यंत, म्हणजे वेळ भरपूर आहे. कंपनी सेक्रेटरी करणं वाईट नाही. सेबीच्या आदेशांवर अपील मुंबईच्या ज्या न्यायाधिकरणात होतं, त्या ‘सॅट’समोर सीएसनाही बाजू मांडता येते. पण ते एलएल.बी. झाल्यावर, तेही तिला हवं असेल तर. एनआयएसएमची प्रमाणपत्रं प्रामुख्यानं ब्रोकर, वितरक वगैरेंकडे काम करणाऱ्यांसाठी आहेत, वकिलाचं त्यावाचून अडत नाही. एक गोष्ट फारसं कुणी सांगत नाही म्हणून सांगतो: सेबीत किंवा एखाद्या कंपनीत पूर्णवेळ पगारी नोकरी धरली की वकिलीची सनद निलंबित ठेवावी लागते, कोर्टात उभं राहता येत नाही. तिला युक्तिवाद आवडत असेल तर ‘सेबी म्हणजे सगळ्यात चांगलं’ हे तुमचं गणित तिथेच चुकतं.

पैशाबद्दलही स्पष्ट बोलतो. तुम्ही ऐकलेले मोठे आकडे खरे आहेत. ते मोठ्या लॉ फर्ममधले आहेत आणि तिथली भरती बरीचशी राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या कॅम्पसमधून होते. बाकीच्यांना छोट्या फर्ममधून किंवा एखाद्या ज्येष्ठ वकिलाच्या चेंबरमधून वर यावं लागतं. पहिली काही वर्षं पगार सांगताना तुम्हालाच संकोच वाटेल इतका असू शकतो. ही तयारी नसेल तर आत्ताच विचार करा. तिनं नव्हे, तुम्ही.

तर करायचं काय? सीएफए आणि प्रमाणपत्रं आजच काढून टाका, सीएस आणि भरती पुढे ढकला. सात तासांच्या झोपेचं गणित बसू द्या. तिला या क्षेत्रात खरंच रस असेल तर सेबीच्या संकेतस्थळावर लोकांची मतं मागवण्यासाठी येणारा एखादा नियमांचा मसुदा तिनं वाचावा आणि हरकती लिहून पाठवाव्यात. विद्यार्थ्यांनाही त्या पाठवता येतात, फी लागत नाही. सुट्टीत न्यायाधिकरणासमोर काम करणाऱ्या एखाद्या वकिलाकडे किंवा गुंतवणूकदारांच्या तक्रारी हाताळणाऱ्या कुणाकडे इंटर्नशिप मागावी. अर्ज तिनं स्वतः लिहावा, तुम्ही तपासूही नका. गोडी लागली तर पुढे एनआयएसएम आणि मुंबईचं महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठ मिळून चालवतात तो गुंतवणूक व प्रतिभूती कायद्याचा एलएल.एम. आहेच.

आणि कदाचित तिला बाजारात काहीच रस नसेल. काकूंचं काम तिनं शेअरसाठी केलं की काकूंसाठी, हे मला इथे बसून सांगता येणार नाही. दुसरं उत्तर खरं असेल तर तिची जागा वारसा, ग्राहक आयोग किंवा विधी सेवा प्राधिकरणाच्या कामात असू शकते. पगार कमी, काम खरं. पुढचं पत्र तिला लिहू द्या. 61 टक्क्यांचा प्रश्नही तिनंच विचारला तर त्याचं उत्तर देता येईल. एमबीए फायनान्सची चौकशी मात्र तुम्ही थांबवलीत तरी चालेल. अर्धवट एलएल.बी.वर चढवलेलं एमबीए ना वकिलीत उपयोगी पडतं, ना बँकेत. बँकेचं तर तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.