आरटीएल-एसडीआर डोंगल 'बिझी' का दाखवतो, आणि त्याचा आवाज डब्ल्यूएसजेटी-एक्समध्ये कसा न्यायचा?

तुमचा प्रश्न असा की लिनक्सवर डोंगल (यूएसबी पोर्टमध्ये लावायचा छोटा रेडिओ रिसीव्हर) दिसतो, पण जीक्यूआरएक्स या रेडिओ ऐकण्याच्या प्रोग्रॅममध्ये उघडत नाही. आणि उघडला, तर एफटी८ (हौशी रेडिओवर छोटे डिजिटल संदेश पाठवायची पद्धत) ऐकण्यासाठी आवाज ते संदेश उकलणाऱ्या डब्ल्यूएसजेटी-एक्स या प्रोग्रॅमकडे कसा वळवायचा. दोन्हीकडे आधी एकच पाहा: उपकरणाचा ताबा आत्ता कोणाकडे आहे? (कमांड इथे देवनागरीत लिहितोय, टर्मिनलवर त्या रोमनमध्येच टाका.)

आरटीएल२८३२यू ही चिप मुळात टीव्हीसाठी बनलेली. म्हणून डोंगल लावताच कर्नल (लिनक्सचा गाभा) डीव्हीबी_यूएसबी_आरटीएल२८एक्सएक्सयू हे मॉड्यूल, म्हणजे ड्रायव्हर, लोड करतो आणि डोंगल टीव्ही ट्यूनर म्हणून धरून ठेवतो. 'आरटीएल_टेस्ट' चालवा. 'यूएसबी_क्लेम_इंटरफेस एरर -६' आली तर ताबा दुसऱ्याकडे आहे. ईटीसी/मॉडप्रोब.डी या फोल्डरमध्ये .कॉन्फ शेवट असलेली फाइल करून त्यात 'ब्लॅकलिस्ट' आणि पुढे मॉड्यूलचं नाव लिहा, मग 'आरएममॉड'ने ते मॉड्यूल काढा आणि डोंगल काढून पुन्हा लावा. एरर -३ असेल तर मामला परवानगीचा आहे. यूडेव्हचे, म्हणजे उपकरणांच्या परवानग्या ठरवणाऱ्या यंत्रणेचे, नियम बसवा. सुडोने (म्हणजे रूट या सर्वाधिकारी युजरखाली) जीक्यूआरएक्स चालवून वेळ मारून नेऊ नका, कारण तुमचा साउंड सर्व्हर (सगळ्या प्रोग्रॅमचा आवाज सांभाळणारा) तुमच्या युजरखाली चालतो आणि रूटच्या प्रोग्रॅमचा आवाज मग कुठेच पोचत नाही.

आरटीएल_टेस्ट मिनिटभर चालू द्या. 'लॉस्ट अ‍ॅट लीस्ट' अशा, म्हणजे सॅम्पल (सिग्नलची मोजमापं) हरवल्याच्या, ओळी सतत येत असतील तर हब काढा, पोर्ट बदला. २४ लाख सॅम्पल प्रतिसेकंद म्हणजे सेकंदाला ४८ लाख बाइट. साधा हब इथे अडखळतो. ३२ लाखांचा पर्याय दिसतो, पण त्यात सॅम्पल गळतात. २४ लाखांवरच थांबा.

आता आवाज. जीक्यूआरएक्स आणि डब्ल्यूएसजेटी-एक्स यांच्यामध्ये एक खोटं साउंड कार्ड लागतं. साउंड सर्व्हर पाइपवायर असो की पल्सऑडिओ, कमांड तीच: 'पीएसीटीएल लोड-मॉड्यूल मॉड्यूल-नल-सिंक सिंक_नेम=एसडीआर रेट=४८०००'. जीक्यूआरएक्सच्या आय/ओ डिव्हाइसेसमध्ये आउटपुट म्हणून हे सिंक (म्हणजे ते खोटं कार्ड) निवडा आणि डब्ल्यूएसजेटी-एक्समध्ये इनपुट म्हणून 'एसडीआर.मॉनिटर', म्हणजे त्या सिंकमध्ये गेलेला आवाज. यादीत मॉनिटर दिसत नसेल तर इनपुट 'डिफॉल्ट' ठेवा, डब्ल्यूएसजेटी-एक्स चालू असताना पाव्हूकंट्रोल हा आवाज वळवायचा प्रोग्रॅम उघडा आणि रेकॉर्डिंग टॅबमधून ते वळवा. स्वतःलाही ऐकायचं असेल तर मॉड्यूल-लूपबॅक लोड करून त्याचा सोर्स एसडीआर.मॉनिटर द्या. हे सिंक रीस्टार्टनंतर जातं, तेव्हा कमांड लॉगिनच्या स्क्रिप्टमध्ये ठेवा.

कुठल्याही प्रोग्रॅमला थेट 'एचडब्ल्यू:०' (म्हणजे पहिलं खरं साउंड कार्ड) देऊ नका. कार्ड आधीच साउंड सर्व्हरकडे असतं, म्हणून तिथेही 'बिझी' येतं. शिवाय बूटनंतर कार्डांचे क्रमांक बदलू शकतात. एएलएसए (लिनक्सची मूळ साउंड व्यवस्था) वापरायचंच असेल तर 'प्लगएचडब्ल्यू' आणि कार्डाचं नाव लिहा. प्लगएचडब्ल्यू सॅम्पल रेटही आपोआप जुळवून घेतं.

आर८२०टी२ ट्यूनर साधारण २४ मेगाहर्ट्झपासून वर ऐकतो, म्हणून सुरुवात १० मीटर बँडवर २८.०७४ मेगाहर्ट्झला करा. मोड यूएसबी, म्हणजे अप्पर साइडबँड. फिल्टर ३ किलोहर्ट्झपर्यंत रुंद. केवळ खरखर असताना डब्ल्यूएसजेटी-एक्सचं मीटर ३० डीबीच्या आसपास हवं. मीटर लाल झालं तर आधी जीक्यूआरएक्सचा ऑडिओ गेन उतरवा. आरएफ गेन वेगळी गोष्ट आहे: तो वाढवताना खरखर आणि सिग्नल दोन्ही सारखेच चढू लागले, की तिथून पुढे वाढवण्यात फायदा नाही. चिप ८ बिटची आहे, जोरदार स्टेशनने ती लगेच भरते.

डोंगलची वारंवारिता ठरवणाऱ्या क्रिस्टलची चूक विसरू नका. स्वस्त डोंगलमध्ये ५० पीपीएम (दहा लाखांत ५०) चूक असू शकते; २८ मेगाहर्ट्झवर ती १४०० हर्ट्झ होते, तर एफटी८चे स्वर फक्त ६.२५ हर्ट्झ अंतरावर असतात. डोंगल वीसेक मिनिटं तापू द्या आणि मगच पीपीएम भरा. टीसीएक्सओवाल्या (तापमानाने फारसा न ढळणारा क्रिस्टल असलेल्या) डोंगलला हा त्रास जवळपास नसतो.

वॉटरफॉलवर (सिग्नल दाखवणाऱ्या सरकत्या चित्रावर) रेघा ठळक दिसतात पण एकही संदेश उकलत नाही, तेव्हा संगणकाचं घड्याळ तपासा. एफटी८ १५ सेकंदांच्या खणांत चालतं. घड्याळ जुळवणारा क्रोनी चालू करा आणि डब्ल्यूएसजेटी-एक्समधला डीटी (वेळेतला फरक) स्तंभ पाहा: सगळे आकडे एकाच बाजूला सारखेच सरकलेले असतील, तर चूक तुमच्याकडच्या घड्याळाची किंवा आवाजाच्या बफरची आहे.